मगरीमागं चालत गेलेल्या वन्संना

वन्सं, माणसं अजून येताहेत. ओसरीवर टेकतात, पाणी पितात आणि म्हणतात, "सुटली बिचारी. काय पाह्यलं तिनं आयुष्यात?"  तुम्ही काय काय पाहिलं ते सांगायला बसले तर दिवस पुरायचा नाही, आणि ऐकणाऱ्याला ते खरंही वाटायचं नाही. चौदाव्या वर्षी नवरा गेला, माहेरी परत आली, भावाच्या घरी राहिली. त्यांच्या लेखी तुम्ही एवढ्याच.

मी तुमच्याबरोबर वीस वर्षं काढली. तरी एक गोष्ट बोलायची राहिली. खरं तर भांडायचं राहिलं. त्यासाठी हा कागद घेतला आहे. तुम्हाला वाचता येत नव्हतं, म्हणून लिहिता लिहिता मोठ्यानं म्हणते आहे. आत चंपा आहे. तिला वाटत असेल, आई स्वतःशीच बोलते आहे.

मी जुन्या जालन्याची. घराला घर खेटलेलं, गल्लीत बैलगाडी शिरली की माणसानं उंबऱ्यावर चढून उभं राहायचं. वडील कापडाच्या दुकानात होते. त्यांच्याजवळ मी बाळबोध शिकले. अशा ठिकाणाहून लग्न होऊन मी आष्टीच्या अलीकडच्या या गावात आले, तेही गावात नाही, गावाबाहेर, तळ्याच्या मातीच्या पाळीखाली. तुमच्या घराला शेती होती, पण ओळख तळ्याची. तळं म्हणजे सरकारी शिकारगाह. तिथं बंदूक, जाळं, फासा काही चालायचं नाही. हिवाळ्यात साहेबलोक यायचे, दोन-तीन दिवस बदकं मारायचे आणि जायचे. त्या दोन-तीन दिवसांसाठी वर्षभर राखण. ती आधी सासऱ्यांकडं होती, मग तुमच्या भावाच्या नावावर आली. पण तुमचे भाऊ शेतात रमणारे. शिकारगाहेची राखण ओला पदर डोक्यावर घेतलेली एक बाई करते, हे कचेरीत कुणालाच ठाऊक नव्हतं.

पहिल्या उन्हाळ्यात मी रोज रडत होते. पाणी मागं सरत होतं, चिखलाचा आणि मेल्या माशांचा वास घरभर. एका सकाळी तुम्ही समोर येऊन उभ्या राहिलात.

"रडून झालं का? मंग चल. दाखवते तुला."

मला वाळलेल्या गाळात नेलंत आणि बोट दाखवलंत. "बघ."

"दगड आहेत," मी म्हणाले.

"नीट बघ."

मी पाहत राहिले. बऱ्याच वेळानं त्यातले चार दगड वेगळे दिसायला लागले. एकसारखे, टोकं आत वळवून ठेवलेले, काळे ठिपके असलेले. टिटवीची अंडी. ती दिसली आणि मी एकदम मागं सरले, तेव्हा टिटवी आपल्या डोक्यावर येऊन ओरडायला लागली. तुम्ही हसलात. "बघायची जल्दी न्हाई करायची, सगुणे. बसायचं. जे आसंल ते आपसूक दिसतं."

त्यानंतरचे उन्हाळे मला एकमेकांत मिसळलेले आठवतात. तांबड्या, काडीसारख्या पायांचे ते पक्षी, तुम्ही त्यांना सासुरवाशिणी म्हणायच्या, कारण पाण्यातून चालताना ते लुगडं भिजू नये तसे पाय उचलायचे. पिसात गुलाबी रंग लपवणारे मोठे ढोक चोच उघडी ठेवून गढूळ पाण्यात उभे असायचे, तासन्‌तास, जणू त्यांचं काही हरवलंय. पहाटे काळविटं यायची. आधी माद्या, मग पिल्लं, आणि नर सगळ्यांत शेवटी, कान हलवत. आणि भर दुपारी लांडगीण. दोन पिल्लं घेऊन ती पाण्यावर यायची तेव्हा आपण दोघी पाळीवरच्या निंबाखाली श्वास धरून बसलेल्या. "तिला बी ठाऊक हाय, माणूस कव्हा झोपतं ते," तुम्ही कानाशी म्हणालात.

एका साली पाणी इतकं उतरलं की मधलं बेट काठाला जोडलं जायला आलं. बेटावर पांढऱ्या पाखरांची अंडी होती आणि कोल्हा काठावर येऊन बसलाच होता. तुम्ही फावडं उचललंत, मला टोपलं दिलंत. दिवसभर आपण चर खणत होतो. तुमचे भाऊ पाळीवर उभे राहून हसले, "अक्का, पाखरांसाठी खंदक खणू राह्यली?" तुम्ही फावडं मारत राहिलात. घटकाभरानं त्यांनी धोतर खोचलं आणि तेही उतरले. सांज व्हायच्या आत चरात पाणी भरलं. कोल्हा उठून निघून गेला. माझ्या हातांना फोड आले होते, आणि घरी येऊन मी एकटीच हसत होते. जालन्याला असते तर असं कधी हसले नसते.

हे सगळं आधी लिहिलं, कारण पुढचं लिहायला जड जातंय.

मगर त्या तळ्यात माझ्या आधीपासून होती. तुम्ही तिला म्हातारी म्हणायच्या. पलीकडच्या काठावर जबडा उघडून पडलेली असायची, आणि पाठीशी बगळे. मला ती कधी आवडली नाही. तरी अंतर होतं तोवर चाललं. मग दोन पावसाळे ओढ देऊन गेले. तळ्याचा आटत आटत एक डोह राहिला, तोही आपल्या घराच्या बाजूला. मासे संपले. पाणी प्यायला उतरलेली एक शेळी गेली. आणि एका सकाळी चंपा लोटा घेऊन खाली गेली. तिला पाचवं लागलं होतं.

मी पाळीवरून पाहिलं. चंपा पाण्याच्या कडेला उकिडवी बसलेली, आणि तिच्यापासून चार हातांवर दोन डोळे वर आलेले.  तुम्ही खालीच होतात. धावला नाहीत. नेहमीच्या आवाजात म्हणालात, "चंपे, लोटा राहू दे. उभी राह्य. आता मागं मागं ये, माझ्याकडं." पोर आली. डोळे पाण्याखाली गेले. तुम्ही तिला उचलून माझ्या कडेवर दिलंत तेव्हा तुमचं अंग घामानं भिजलेलं होतं.

संध्याकाळी चुलीपाशी मी म्हणाले, "तिला मारलं पाहिजे."

"काहून? तिनं काय केलं?"

"अजून काय करायचं राहिलं?"

"तिला भूक हाय, सगुणे. पाणी आटलं, मासे गेले. ती जाईल कुठं?"

"आणि माझी चंपा?"

"चंपा माझी बी हाय," तुम्ही म्हणालात.

तेव्हा मी ते वाक्य बोलले. "पोटची असती तर कळलं असतं तुम्हाला."

 हातातली भाकरी तव्यावर टाकलीत, भाजलीत, टोपलीत ठेवलीत, आणि उठून बाहेर गेलात. त्या वाक्याची माफी मी कधी मागितली नाही. दुसऱ्या दिवशी मागणार होते. दुसऱ्या दिवशी तुम्ही रोजच्यासारख्या बोललात, आणि मला वाटलं, विसरल्या. असं वाटून घेणं सोपं असतं.

पण मी थांबले नाही. तुमच्या भावांना सांगून कचेरीत अर्ज धाडला. अर्ज उर्दूत लिहिला गेला, पण त्यातला शब्द न्‌ शब्द माझा होता. शिकारगाहेतली मगर माणसांवर येऊ लागली आहे, साहेबांनी येऊन बंदोबस्त करावा. आठ दिवसांनी चपराशी सांगून गेला, साहेब शुक्रवारी येतील. तुम्हाला हे आम्ही सांगितलं नाही.

गुरुवारी उजाडताना तुमची खाट रिकामी होती. ते नवं नव्हतं. ऊन चढायला लागलं तेव्हा तुमचे भाऊ शेतातून धापा टाकत आले. "अक्कानं पाण्याची घागर मागितली. जल्दी कर."

"कुठं आहेत?"

"मगर तळ्यातून निघाली. नदीच्या, दुधनेच्या वाटंला लागली. अक्का तिच्या मागं चालू राह्यली."

मला वाटलं, उन्हात चालून तहान लागली असेल. घागर डोक्यावर घेतली आणि निघाले. कोसभर तरी चालले असेन. काळी जमीन भेगाळलेली, ढेकळं पायाखाली टोचत होती. बांधावर माणसं उभी दिसली, हातात काठ्या, कुऱ्हाडी. त्यांच्यासमोर काठी आडवी धरून तुम्ही. आणि तुमच्यामागं बाभळीच्या विरळ सावलीत ती.

तिला मी कधी पूर्ण पाहिलं नव्हतं. पाण्यावर दिसायचे ते डोळे आणि पाठीचे कंगोरे. ती लांब होती, पण पोट आत गेलेलं होतं. धुळीनं सगळी पांढरी झालेली. पुढचे पाय बाजूला पसरलेले, लहान मुलाच्या पंजासारखे. मी पाहिलं आणि मला राग आला, कारण तिची दया येईल असं वाटलं.

मी घागर पुढं केली. तुम्ही ती घेतलीत, वळलात, तीन पावलं मगरीकडं गेलात आणि तिच्या पाठीवर ओतलीत. लोहाराच्या भात्यासारखा फूत्कार निघाला. माणसं मागं सरली. धूळ वाहून गेली तिथं पाठ काळी झाली. तिनं डोळे मिटले.

बांधावरून कुणीतरी ओरडलं, "इथं माणसाला प्यायला न्हाई आन् ही बाई मगरीला न्हाऊ घालू राह्यली!"

"माझ्या वाटणीचं पाणी हाय," तुम्ही म्हणालात. "म्या आज पेणार न्हाई."

मी हळूच म्हणाले, "वन्सं, घरी चला."

"हिला म्या हाकललं न्हाई. आपल्या पायानं निघाली. नदीचा डोह कुठं हाय ते तिला बराबर ठाऊक हाय. पर वाटंत गाव हाय. म्या संग हाय तवर कुणी हात न्हाई लावायचं." आणि मग माझ्याकडं पाहून, "अजून एक घागर आणतीस?"

मी नाही म्हणू शकले असते. दुसऱ्या दिवशी साहेब यायचे होते, मला फक्त उशीर करायचा होता. मी गेले आणि पाणी घेऊन आले. का, ते इतक्या वर्षांत मला सांगता आलेलं नाही. स्वतःला म्हणत होते, जितकी लांब जाईल तितकी चंपापासून लांब. पण ते पुरतं खरं नाही. परत आले तोवर ती आणखी दोन शेतं पुढं गेली होती, पाय ताठ करून, पोट उचलून, दहा-वीस पावलं चालायची आणि कोसळायची. तुमचे ओठ फुटले होते. घागर उचलायला तुमच्या हातात जोर राहिला नव्हता. मग मीच ओतली. माझे हात कापत होते, आणि बरंच पाणी मातीत गेलं.

चंपा घरी होती म्हणून मी परतले. तुम्ही दिवस कलेपर्यंत चालत राहिलात आणि ती पाण्यात गेल्यावर नदीकाठच्या कुणाच्या तरी खोपीत टेकलात. शुक्रवारी सकाळी अंगणात आलात तेव्हा टाचांतून रक्त येत होतं, आणि साहेबांची मोटर पाळीजवळ उभी होती.

साहेब चिडले होते. "कहाँ है मगर?" तुमचे भाऊ खाली मान घालून उभे. कुणीतरी तुमच्याकडं बोट दाखवलं. साहेबांनी विचारलं, शिकारगाहेचं जनावर कुणाच्या हुकमानं हाकललं? तुम्ही पदर ओढून म्हणालात, "हाकललं न्हाई, साहेब. पाणी आटलं म्हणून गेली."

मग त्यांनी विचारलं, अर्जी किसने दी थी?

 तुमच्या भावांनी माझ्याकडं पाहिलं. मी जमिनीकडं पाहत होते. ते म्हणाले, "मी दिली." तुम्ही आम्हा दोघांपैकी कुणाकडंच पाहिलं नाहीत. घागरी पालथ्या होत्या, त्या उचलून आत नेल्यात.

महिन्याभरात राखण आपल्या घरातून काढली. नवा माणूस आला, आणि परवान्याशिवाय पाळीच्या आत कुणी उतरायचं नाही असा हुकूम घेऊन आला. सासऱ्यांच्या वेळेपासूनची राखण, आणि तुम्हाला तळ्यात पाऊल टाकायची बंदी. किती तरी उन्हाळे तुम्ही पाळीवर बसून लांबूनच पाहत राहिलात. डोळ्यांवर हात धरून मला विचारायच्या, "ते बेटावर पांढरं काय हाय गं? तुझी नजर चांगली हाय." पुढं त्या नव्या माणसाला कंटाळा आला, आणि तोच तुम्हाला आत बोलवायला लागला. पण तोवर तुमचे गुडघे गेले होते. गाळात पाय रुतला की निघायचा नाही.

हे सगळं माझ्या अर्जामुळं. आणि तुम्ही एकदाही विचारलं नाहीत की ती अर्जी खरंच भावाची होती का.

आता भांडण. वन्सं, मी चुकले असं मला अजूनही सगळंच्या सगळं वाटत नाही. माझी पोर चार हातांवर होती. तुम्हाला मगरीची भूक दिसली, मला तिचे दात दिसले. दोन्ही होतं. तुम्ही एकदा तरी म्हणायला हवं होतं, सगुणे, तुझं बी खरं. किंवा माझ्यावर ओरडायला हवं होतं. तुम्ही गप्प राहिलात, आणि मला वाटत राहिलं की एक तर तुम्हाला ठाऊक नाही, किंवा ठाऊक आहे आणि तुम्ही मला कधी क्षमा करणार नाही. त्या दोन गोष्टींच्या मधे मी बारा वर्षं राहिले.

चैत्रात तुम्हाला ताप आला आणि उतरेना. मी उशाशी बसायची. दोनदा बोलायला सुरुवात केली. पहिल्यांदा तुम्ही विचारलंत, "तळ्यात पाणी किती हाय?" मी बघून येते म्हणाले आणि उठले. मला उठायला निमित्तच हवं होतं. दुसऱ्यांदा तुमचा डोळा लागला. तिसऱ्यांदा बोलायची वेळ आली नाही.

परवा एक बाई आल्या. गिरजाबाई. दुधनेच्या पात्रात त्यांच्या घरची टरबुजं असतात. दोन टरबुजं घेऊन इतक्या लांब चालत आल्या होत्या. ओसरीवर बसल्या आणि रडायलाच लागल्या. मी विचारलं, तुमची ओळख कशी? त्या म्हणाल्या, "बाई दरसाल यायच्या की. चैतात एकदा, वैशाखात एकदा. यंदाच न्हाई आल्या."

तुम्ही आम्हाला सांगायच्या, आष्टीच्या बाजाराला जाते. दुखऱ्या गुडघ्यांनी. मी म्हणायची, काय लागतं ते आम्ही आणू, आणि तुम्ही म्हणायच्या, मला जरा हिंडू दे.

तुमची म्हातारी दुधनेत जगली, हे मला गिरजाबाईंकडून कळलं. दर उन्हाळ्यात ती वाळूत अंडी घालते, तुम्ही त्या लोकांना सांगून तेवढा वाळूचा पट्टा मोकळा सोडायला लावला होता, आणि तुम्ही समोरच्या काठावर बसून असायच्या, हेही. "एकदा म्या विचारलं," गिरजाबाई म्हणाल्या, "बाई, तळ्यातली मगर आमच्या नदीत काहून आणली? त हासल्या. म्हणल्या, माझ्या भावजयीनं साहेबाला कागद धाडल्ता. चपराशी आधी मलाच पाळीवर भेटला. म्हणून म्या तिच्यावर नजर ठिवली, न्हाई त ती निघाली ते मला कळलंच नसतं."

मी विचारलं, "आणखी काय म्हणाल्या?"

"म्हणल्या, तिचं बी बराबर व्हतं. लेकराची माय हाय. आन् पाणी बी तिनंच आणलं. मगरीवर वतू लागली त हात कसे थरथर कापू राह्यलते, ते दाखवायच्या आमाला, आन् इतक्या हासायच्या!"

तुम्हाला ठाऊक होतं. साहेब अंगणात विचारत होते तेव्हाही ठाऊक होतं. माझी नक्कल करून तुम्ही अनोळखी माणसांना हसवत होतात, आणि मी इकडं उशाशी बसून शब्द जुळवत होते. गिरजाबाईंच्या समोरच मला रडू आलं. त्यांना वाटलं तुमच्यासाठी. तुमच्यावरही थोडा राग होताच त्यात. मला का नाही सांगितलंत?

ते पोटच्या पोरीचं वाक्य मात्र तुम्ही त्यांना सांगितलं नव्हतं. मी आडून आडून विचारून पाहिलं. ते तुम्ही कुणालाच सांगितलं नाहीत. वन्सं, ते मी खोटं बोलले होते. तेव्हाही मला ठाऊक होतं की खोटं आहे.

आज पहाटे चंपाला घेऊन मी दुधनेवर गेले. तुम्ही गेलात हे कळल्यावर ती सासरहून धावत आली, ती अजून इथंच आहे. गिरजाबाईंनी आम्हाला वेलांच्या पलीकडं दरडीवर बसवलं. उजाडलं होतं. म्हातारी वाळूवर होती, पुढच्या पायांनी उकरत, थांबत, मान वाकडी करून ऐकत. वाळूतून बेडकासारखा बारीक आवाज येत होता, आधी एक, मग पुष्कळ. मग तिनं जबडा खाली नेला. चंपानं माझा हात घट्ट धरला. जबडा वर आला तेव्हा दातांच्या मधून इवल्या शेपट्या लोंबत होत्या. ती पाण्याकडं चालत गेली, इतक्या सावकाश, आणि तिनं तोंड पाण्यात बुडवून नुसतं उघडलं.

अशा तिनं सात फेऱ्या केल्या. एक पिल्लू मागं राहिलं आणि उलट्या दिशेनं टरबुजाच्या वेलांत शिरलं. गिरजाबाई उठणार होत्या, पण ती आलीच, वेल तुडवत, आमच्यापासून वीस-पंचवीस पावलांवर. ती थांबली. आम्हाला तिनं पाहिलं असणार. मग तिनं ते पिल्लू उचललं आणि वळली.

ऊन चटका द्यायला लागलं तरी आम्ही तिघी बसून होतो.